दोन मिलिमीटरची फट

शॉक मशिनवर विजेचा पॅनल चढला की मी डोळे मिटून घेते. धक्का डोळ्यांना दिसतच नाही. तो ३० मिलिसेकंदांत संपतो आणि पापणी लवायलाही त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. कानाला मात्र सगळं कळतं. त्या दिवशी पुण्याच्या लॅबमध्ये मला दोन आवाज ऐकू आले. आधी टेबलाचा जड ‘धप्प’, आणि त्याला चिकटूनच पॅनलच्या पोटातून आलेला कोरडा ‘खट्’. पहिला आवाज यायचाच होता. दुसरा माझ्या एकाही आलेखात नव्हता.

त्याच क्षणी एका रिलेने, म्हणजे पॅनलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचने, संपर्क सोडला. क्षणभरच सोडला, पण तेवढ्यावर चाचणी नापास झाली.

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि घरातल्याच एका खोलीत बसून फायनाइट एलिमेंटची कामं करते, म्हणजे वस्तूचे छोटे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून तिचं वाकणं-थरथरणं कॉम्प्युटरवर मोजते. गिऱ्हाईक बहुतेक कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतलं. शीट मेटलवाले, पॅनलवाले, ट्रेलरवाले असे छोटे कारखानदार. त्यांच्याकडे सॉफ्टवेअरचा परवाना नसतो आणि चाचणीत दोनदा नापास व्हायला पैसेही नसतात. म्हणून पॅनल पुण्याला पाठवण्याआधी ‘मॅडम, एकदा कॉम्प्युटरवर बघून सांगा’ म्हणून फोन येतो. माझ्या आकड्यावर कुणाचं तरी पत्रं कापलं जातं, त्यामुळे तो आकडा किती खरा याची काळजी माझ्या डोक्यातून कधीच जात नाही. आजचं सगळं लिखाण त्या काळजीतूनच आलंय.

हा पॅनल रेल्वेच्या डब्यात बसणारा होता. अशा उपकरणांना आयईसी ६१३७३ हे मानक लागतं. डब्याच्या अंगाला बसणाऱ्या वस्तूला गाडीच्या लांबीच्या दिशेने ५० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे साधारण ५ जी (गुरुत्वाच्या त्वरणाच्या पाचपट), इतका धक्का ३० मिलिसेकंद द्यायचा. उभ्या दिशेत आणि बाजूने ३० मीटर प्रति सेकंद वर्ग. प्रत्येक अक्षावर तीन धक्के इकडून, तीन तिकडून, असे एकूण १८. बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, बसणाऱ्या वस्तूला ३०० आणि थेट आसावर बसणाऱ्या वस्तूला १०००, म्हणजे त्यांच्यापुढे आमचा पॅनल सुखातच. धक्क्याचा आकार अर्ध्या साइन लाटेसारखा असतो, चढतो आणि उतरतो. असा धक्का खालच्या टेबलाला सेकंदाला जवळपास एक मीटरचा वेग देतो.

आत दोन मिलिमीटर सीआरसीएची, म्हणजे पोलादी पत्र्याची, माउंटिंग प्लेट होती. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर, कॉन्टॅक्टर आणि रिले. प्लेटच्या मागे आधाराला एक चॅनल वेल्ड केलेला. ड्रॉइंगप्रमाणे प्लेट आणि चॅनलमध्ये चार मिलिमीटरची फट. माझ्या मॉडेलचं म्हणणं होतं की धक्क्यात प्लेट १.२ मिलिमीटर मागे जाईल. चारातून सव्वा गेले, भरपूर जागा उरते. मी रिपोर्टवर सही केली.

परतीच्या बसमध्ये कराडपर्यंत मी लॅबमधून घेतलेला कच्चा सिग्नल बघत होते. ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी लावलेल्या सेन्सरमध्ये ४० जीच्या वर गेलेले काटे होते. १०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याहून वेगवान थरथर गाळून टाकणारा) लावला की हे काटे नाहीसे व्हायचे आणि उरलेली रेघ माझ्या आलेखाशी बऱ्यापैकी जुळायची. तिथल्या मुलाने सवयीप्रमाणे मला फिल्टर केलेलाच आलेख आधी दाखवला होता. तो ‘खट्’ ऐकला नसता तर मी जुळणाऱ्या रेघेवर समाधान मानून रिलेलाच दोष दिला असता. पोलादावर पोलाद आपटलं की तो धक्का मिलिसेकंदभर किंवा त्याहून कमी टिकतो. १०० हर्ट्झच्या चाळणीत तो राहणारच नाही. सिम्युलेशनशी तुलना करताना दोन्ही बाजूंना एकच फिल्टर लावा, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण फिल्टर लावण्याआधी कच्चा सिग्नल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, हे मला त्या बसमध्ये समजलं.

घरी आल्यावर पहिल्या दोन रात्री मी चुकीच्या जागी शोधण्यात घालवल्या. संशय आला मेशवर, म्हणजे एलिमेंटच्या जाळीवर. आठ मिलिमीटरचे एलिमेंट चार मिलिमीटरचे केले, तर प्लेटची पहिली नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे ती आपणहून सेकंदाला किती वेळा थरथरते तो आकडा, ४१.३ हर्ट्झवरून ४०.८ वर आली. म्हणजे काहीच नाही. मग संशय आला टाइम स्टेपवर, म्हणजे गणित वेळेच्या ज्या छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकतं तिच्यावर. एक्स्प्लिसिट पद्धतीत पायरी किती मोठी घ्यायची हे आपल्या हातात नसतं. कूराँ, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच, म्हणजे कॉम्प्युटर यायच्या आधी, ती अट सांगून ठेवली आहे. एका पायरीत लहर एका एलिमेंटच्या पलीकडे जाता कामा नये. पोलादात लहर सेकंदाला पाच किलोमीटरच्या वर धावते, त्यामुळे चार मिलिमीटरच्या एलिमेंटला पायरी पाऊण मायक्रोसेकंदाची पडते. धक्का आणि त्यानंतरची थरथर मिळून २०० मिलिसेकंद मोजायचे, तर अडीच लाखांच्या वर पायऱ्या. मी मास स्केलिंगने ते उरकलं होतं, म्हणजे छोट्या एलिमेंटना खोटं वजन देऊन पायरी मोठी केली होती. ते काढून पुन्हा सोडवलं. मग न्यूमार्कच्या इम्प्लिसिट पद्धतीनेही सोडवलं. तिच्यात पायरी मोठी घेता येते, पण एका आवर्तनात दहाच पायऱ्या घेतल्या तर आवर्तनकाळ साधारण ३ टक्क्यांनी लांबतो, म्हणून मी पन्नास घेतल्या. अवरग्लास ऊर्जाही, म्हणजे एलिमेंटच्या खोट्या वाकण्यात मुरणारी ऊर्जा, तपासली. सगळीकडे तेच उत्तर आलं, १.२ मिलिमीटर.

म्हणजे सॉल्व्हर त्याच्या कामात चोख होता. मी दिलेलं गणित त्याने बरोबर सोडवलं होतं. मुळात मीच त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी पॅनलचं गणित दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुपवाडला गेले. तिथले फोरमन सत्तरीला आलेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पॅनल उघडा करून मधे ठेवला होता. अण्णांनी फटीत फीलर गेज घातला आणि माझ्याकडे बघितलं.

‘ताई, हितं चार न्हाई. दोनच हाय.’

वेल्डिंगने चॅनल ओढला गेला होता. पातळ पत्र्याला लांब रन मारला की तो असा ओढतोच. पण माझं उत्तर १.२ होतं. दोनाची फट असली तरी प्लेट आपटायला नको होती.

मग मी हातोडी काढली. ही साधी हातोडी नव्हे, डोक्यात बल मोजणारा सेन्सर असतो तिच्या. प्लेटवर हलकेच मारायचं, दुसरीकडे लावलेला सेन्सर थरथर टिपतो आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला प्लेट बोलते ते स्क्रीनवर दिसतं. मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिराला भोपळ्यावर टिचकी मारून कान लावताना मी लहानपणी पाहिलंय. एकामागून एक भोपळे बाजूला सारत तो एकावर थांबला होता. मारायचं आणि ऐकायचं, काम तेच. प्लेट २७ हर्ट्झला बोलली. माझं मॉडेल ४१ म्हणत होतं.

फ्रिक्वेन्सी स्टिफनेसच्या (ताठपणाच्या) वर्गमुळाप्रमाणे बदलते. २७ भागिले ४१, त्याचा वर्ग ०.४३. म्हणजे माझी प्लेट खऱ्या प्लेटच्या दुपटीहून जास्त ताठ होती. एवढा ताठपणा आला कुठून?

‘तुम्ही तिला कशी धरलीय तुमच्या कॉम्प्युटरात?’ अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं, चारही कडांनी, फ्लँजला (पत्र्याच्या वाकवलेल्या पट्टीला) चिकटवून. सॉफ्टवेअरमध्ये त्याला टाय म्हणतात. दोन पृष्ठभाग निवडायचे, बटण दाबायचं, झाले एकजीव. सगळे असंच करतात, कारण प्रत्येक बोल्टचं मॉडेल करायला दिवस जातो.

अण्णांनी पाना घेऊन एक बोल्ट सोडला आणि भोक दाखवलं. लांबट स्लॉट, जुळवाजुळव करायला सोपं जावं म्हणून ठेवलेला. ‘सहा बोल्ट हायेत हितं. मधली जागा मोकळीच की ओ. आन् हा पत्रा बघा, वाकवलेला पत्रा हाय, त्यो काय भिंत न्हवं. बोल्टाच्या भवतीनं वॉशरएवढ्याच जागेत गच्च बसतंय, बाकी समदं आपलं नुसतं टेकलेलं.’

मी त्या वाक्याचं मॉडेल केलं. वॉशरच्या क्षेत्रफळापुरतंच बंधन, बोल्टला त्यांच्या टॉर्कप्रमाणे ताण, बाकी ठिकाणी घर्षणासह संपर्क, आणि फ्लँजचा वाक मोकळा. फ्रिक्वेन्सी २९ वर आली. उरलेले दोन हर्ट्झ वायरिंगमध्ये होते. कॅडच्या मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मर होता, कॉन्टॅक्टर होते, वायरची एकही लड नव्हती. वायरमनने काट्यावर ठेवून दाखवल्या, प्लेटवर येणाऱ्या लडी सहा किलोच्या होत्या. त्या घातल्या आणि २७.२ आलं.

आता या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो हळू वाचावा अशी विनंती आहे.

अर्ध्या साइनच्या धक्क्याला एखादी स्प्रिंगवरची वस्तू किती उचल देते, याची एक ठरलेली वक्ररेषा आहे. तिला शॉक रिस्पॉन्स स्पेक्ट्रम म्हणतात. ही कल्पना मूळची भूकंपासाठीची. मॉरिस बिओ यांनी १९३२ मध्ये कॅलटेकच्या प्रबंधात ती मांडली. वस्तूची फ्रिक्वेन्सी आणि धक्क्याची लांबी यांचा गुणाकार ०.८ च्या आसपास असला की डँपिंगशिवाय (म्हणजे थरथर विझवणारं काही नसेल तर) त्वरण सर्वात जास्त वाढतं, सुमारे १.७७ पट. आमच्या ३० मिलिसेकंदांना हे शिखर येतं बरोबर २७ हर्ट्झजवळ. ४१ हर्ट्झला ही वाढ १.६३ पट. म्हणजे माझं चुकीचं मॉडेल आणि खरी प्लेट यांच्या त्वरणात फरक जेमतेम ८ टक्के. डँपिंग धरून माझा आकडा होता ७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. चॅनल बदलून फट सहा मिलिमीटर केल्यावर झालेल्या दुसऱ्या चाचणीत, आपटण्याशिवाय, लॅबने मोजलं ८५.

७८ आणि ८५. कुठल्याही रिपोर्टमध्ये हे दोन आकडे शेजारी ठेवले तर वाचणारा म्हणेल, उत्तम जुळलंय.

पण त्वरण सारखं असताना प्लेट किती सरकते ते फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने भागलं जातं. ४१ चा वर्ग आणि २७ चा वर्ग यांत २.३ पटींचा फरक. त्वरणातला थोडा फरक मिळवला की अडीच पट. मॉडेल म्हणत होतं १.२ मिलिमीटर, खरी प्लेट सरकत होती ३. त्वरणात ८ टक्क्यांची चूक असलेलं मॉडेल सरकण्यात अडीच पटींनी चुकलं होतं, आणि पॅनल आपटला तो सरकण्यामुळे.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जिने माझी झोप उडवली. फट चारची असती तर तीन मिलिमीटर सरकूनही प्लेट आपटली नसती. आणि प्लेट खरंच १.२ सरकली असती तर दोनाची फटही पुरली असती. माझी चूक एकटी असती तर कुणाला कधी कळली नसती. वेल्डिंगची चूक एकटी असती तर तीही नाही. दोन्ही एकत्र आल्या म्हणून तो ‘खट्’ वाजला. माझे आधीचे किती रिपोर्ट असे दुसऱ्या चुकीची वाट बघत पडलेत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. मी जुने अकरा रिपोर्ट पुन्हा उघडले. दोन गिऱ्हाइकांना फोन करून टायचे सांधे नव्याने सोडवून देते म्हणून सांगितलं.

तीन मिलिमीटर मोजले कसे, हे राहिलं. त्या अरुंद जागेत लेसर बसेना. अण्णांनी नातवाची क्ले आणली, तिचा गोळा फटीत चॅनलवर चिकटवला. चाचणीनंतर गोळा काढून व्हर्नियर लावला. सहाच्या फटीत क्ले तीनवर चेपलेली होती. माझ्या आजवरच्या रिपोर्टांमधला सगळ्यात विश्वासाचा फोटो त्या निळ्या क्लेचा आहे.

या सगळ्यात मला सारखी कोयना आठवत होती.

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी आजी चुलीपाशी होती. फडताळावरची भांडी आधी वाजली आणि मग पडली, असं ती सांगायची. या क्रमावर ती नेहमी भर द्यायची: आधी वाजली, मग पडली. कोयनानगर आणि आसपास पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. लहानपणी मला ती गोष्ट फक्त आमच्या घरची वाटायची. इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की जगभरात जिथे जिथे धरणांच्या भूकंपाचं गणित शिकवतात, तिथे तिथे आमची ती पहाट शिकवतात. कारण धरणाच्या पोटातल्या गॅलरीत यंत्र होतं आणि त्याने हादरा टिपला. अक्षाच्या दिशेने ०.६३ जी, नदीच्या दिशेने ०.४९ जीच्या आसपास. धक्का मोजलेला आहे आणि नुकसानही बघितलेलं आहे, अशी जोडी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही कोयना धरण आहे. मी नोकरीला लागले तेव्हा सरावाला म्हणून माझ्यापुढे पहिलं आलं ते तेच. आकृतीखाली ‘कोयना’ वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

धरण १०३ मीटर उंच. त्याचं डिझाइन त्या काळच्या रीतीने झालेलं, वजनाच्या ०.०५ पट आडवं बल स्थिरपणे लावून. त्या हिशेबात काँक्रीटला काळजी करावी असा ताण कुठेच येत नव्हता, आणि त्या पद्धतीत जो काही जोर दिसायचा तो पायाशी. प्रत्यक्षात आडव्या भेगा पडल्या त्या वर, दोन्ही अंगांना, साधारण ६६ मीटर उंचीवर. मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या मानेपाशी. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदलेला तोच हादरा फायनाइट एलिमेंटच्या मॉडेलला दिला, तेव्हा नेमका त्या मानेशी काँक्रीटच्या ताणशक्तीच्या दुप्पट-तिप्पट ताण दिसला. आकार तोच आणि काँक्रीटही तेच होतं. हादरा धरलेल्यापेक्षा मोठा होता हे खरं, पण मुख्य फरक हा की आधीच्या हिशेबात धरण हलतच नव्हतं. आडवं बल लावून ते नुसतं ढकललेलं होतं.

गेल्याच महिन्यात एका कारखानदारांनी मला विचारलं, ‘मॅडम, कशाला एवढं? पाच जी स्टॅटिक लावून द्या की.’ मी त्यांना पॅनलचं सांगण्याआधी कोयनेचं सांगितलं.

पण कोयना मला आणखी एका कारणाने जवळची आहे. माझ्या पॅनलमध्ये मेश बारीक करून काहीच बदललं नव्हतं. कोयनेच्या मॉडेलमध्ये भेग पडू दिली की गोष्ट उलटी होते. काँक्रीट एकदा फाटायला लागलं की सगळं फाटणं एलिमेंटच्या एका ओळीत गोळा होतं. ओळ जितकी बारीक तितकी फाटायला लागणारी ऊर्जा कमी, म्हणजे मेश जितका नाजूक तितकं धरण ठिसूळ. उत्तर कुठेच स्थिर होत नाही. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यावर वाट काढली: भेगेच्या दर चौरस मीटरला लागणारी ऊर्जा हाच काँक्रीटचा गुणधर्म धरायचा. पुढे त्यावरूनच एलिमेंटच्या आकाराप्रमाणे वक्ररेषा बदलायची रीत आली. म्हणून ‘मेश बारीक करून बघितला’ हे वाक्य एका ठिकाणी पुरावा असतं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला काहीच अर्थ नसतो. कुठला प्रश्न सोडवतोय ते आधी कळायला हवं.

आणि कोयनेचं मॉडेल तरी काय काय बरोबर सांगतं? भेग मानेच्या कोपऱ्यातून निघते, हे जवळजवळ प्रत्येकाला मिळतं. ती आत कुठल्या कोनात वळते, किती खोल जाते, हे मात्र गृहीतकांवर हलतं. त्या प्रसिद्ध उदाहरणात खालचा खडक अजिबात न लवणारा, पूर्ण ताठ धरलाय. पाणी म्हणजे वेस्टरगार्ड यांच्या १९३३ च्या सूत्राने भिंतीला चिकटवलेलं जादा वजन. डँपिंग पहिल्या मोडला (थरथरण्याच्या सगळ्यात संथ प्रकाराला) ३ टक्के, तेही स्टिफनेसच्या प्रमाणात. धरणाची पहिली फ्रिक्वेन्सी ३ हर्ट्झच्या आसपास आहे. असं डँपिंग फ्रिक्वेन्सीबरोबर सरळ वाढत जातं, म्हणजे ३० हर्ट्झला ते ३० टक्के होणार. धरणाला ३० हर्ट्झशी फारसं देणंघेणं नाही, तिथे ते चालून जातं. तीच सेटिंग उचलून माझ्या पॅनलला लावली तर धक्क्याचा जीवच जाईल, आणि मी हे एका रिपोर्टमध्ये झालेलं पाहिलंय.

माझ्या पॅनलला हातोडीने डँपिंग मिळालं अडीच टक्के. यातही एक मेख आहे. हातोडीची टिचकी हलकी असते. खऱ्या धक्क्यात बोल्टचे सांधे किंचित घसरतात, डँपिंग वाढतं आणि फ्रिक्वेन्सी हर्ट्झ-दोन हर्ट्झने खाली येते. २७ हा आकडा टिचकीचा आहे, धक्क्याचा नव्हे. म्हणून मी आता एक आकडा देतच नाही, पट्टा देते.

तुलनेबद्दलही थोडं. दोन रेघा एकमेकींवर ठेवून ‘छान जुळतंय’ म्हणणं मी सोडलं. जहाजांच्या शॉक चाचण्यांमध्ये रसेल यांचा एरर फॅक्टर वापरतात. तो उंचीतली चूक आणि वेळेतली चूक वेगळी काढतो, मग एकत्र करतो. एकत्र आकडा ०.१५ च्या आत असला तर उत्तम, ०.२८ पर्यंत चालेल, त्यापुढे वाईट. मी तो त्वरणाला वेगळा आणि विस्थापनाला वेगळा काढते. माझ्या पहिल्या मॉडेलच्या त्वरणाची शिखरं जवळ होती, पण वेळ चुकत होती. ४१ ची रेघ २७ च्या रेघेच्या पुढे पळत होती. हे आधी मोजलं असतं तर शिखरांच्या जुळण्याने मी फसले नसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन कोयनानगरला गेले होते. उद्यानातून धरण समोर दिसतं. भूकंपानंतर मागच्या अंगाला काँक्रीटचे टेकू देऊन बिनसांडव्याचे भाग जाड केले. मी तिला उतार कुठे बदलत होता ते हाताने हवेत दाखवत होते. तिने विचारलं, पाणी बाहेर आलं नाही का? नाही आलं. भेगा पडूनही ते उभं राहिलं. त्या दिवशी मागे जवळपास ९२ मीटर पाणी उभं होतं.

आता नवं काम आलंय. त्याच कारखान्याचा दुसरा पॅनल, प्लेट थोडी लहान, ट्रान्सफॉर्मर खाली घेतलेला. या वेळी मॉडेल करायच्या आधी तीन गोष्टी मागून घेतल्या: बोल्टच्या टॉर्कचे आकडे, वेल्डिंगनंतर मोजलेल्या फटी आणि वायरच्या लडींचं वजन. काल संध्याकाळी कुपवाडला जाऊन हातोडी मारून आले. मॉडेल म्हणत होतं ३४.५, प्लेट ३३ ला बोलली. दीड हर्ट्झ कुठे गेला ते शोधत बसण्यापेक्षा ३१ ते ३६ असा पट्टा धरून सगळं पुन्हा सोडवलं. सरकणं येतंय १.६ ते २.३ मिलिमीटर.

हे आकडे मी कागदावर लिहून, तारीख घालून, पाकिटात बंद करून अण्णांकडे दिले. पुण्याची चाचणी गुरुवारी आहे. निकाल हातात आल्यावर मॉडेल जुळवणं फार सोपं असतं, मला तो मोह आधीच बंद करून टाकायचा होता. अण्णांनी पाकीट टूलबॉक्सच्या वरच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि खिशातून निळ्या क्लेचा डबा काढून माझ्या हातात दिला.

‘गोळा मोठा लावा ह्या टायमाला,’ ते म्हणाले. ‘फट आठची हाय.’